गिऱ्हाईक नसलेली दोन वर्षं

सातबारा उतारा हातात असलेल्या प्रत्येकाला तो वाचता येतोच असं नाही. तलाठी कचेरीबाहेर ‘जरा बघून सांगता का’ म्हणत उभी राहणारी माणसं काही सगळी निरक्षर नसतात. पदवीधरही त्या कागदापुढे गोंधळतात. २०२० साली महाराष्ट्र सरकारने या उताऱ्याचा नमुना बदलला. त्या बदलांमध्ये एक अगदी बारका बदल होता. एका खातेदाराचा मजकूर संपून दुसऱ्याचा सुरू होतो, तिथे ठिपक्यांची रेघ मारायची. ज्या गटात चार चुलत भावांची नावं, त्यांची क्षेत्रं आणि फेरफार क्रमांक एकाखाली एक दाटीवाटीने येतात, तिथे कुठले आठ गुंठे कोणाचे, हे त्या रेघेमुळे कळतं. ती नसेल तर वाद आधी बांधावर जातो आणि तिथून कोर्टात.

रेघ कोणीही मारील. ती इथेच हवी हे कळायला मात्र उतारा वाचणाऱ्या माणसाचं बोट कागदावर कुठे अडतं, ते बघत बसावं लागतं. दृश्य आणि उपयोजित डिझाइनमधलं पदव्युत्तर शिक्षण हे माझ्या मते असं बघत बसण्याचं शिक्षण आहे. कॉलेजांच्या माहितीपत्रकांत मात्र काचेच्या भिंती, मोठे मॉनिटर आणि हसणारी मुलं दिसतात. त्यात कोणी कशाकडे बघत बसलेलं नसतं.

आपल्याकडे या वाटेला लागणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांपासून सुरुवात करते. इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड मिळाली की ड्रॉइंगचे सर घरी येऊन सांगतात, पोराला आर्टला घाला. घरचे विचारतात, त्यात पुढे काय? यावर तडजोडीचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘कमर्शियल’. नुसती चित्रं काढून पोट भरणार नाही, कमर्शियल केलं तर जाहिरातीत नोकरी लागेल. हा हिशेब नवा नाही. १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग निघाला, आणि १९५८ साली त्याची वेगळी संस्था झाली, जे. जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्ट. फाइन आर्टवाल्यांनी कमर्शियलवाल्यांकडे जरा तिरक्या नजरेने बघायचं आणि कमर्शियलवाल्यांनी पहिल्या पगाराने त्याचं उत्तर द्यायचं, हा खेळ तेव्हापासून चालू आहे.

त्या शिक्षणाने हात तयार केले, हे मान्यच करायला हवं. पोस्टर कलरचा सपाट हात, कट निबने काढलेली अक्षरं, रोटरिंग पेनची न थरथरणारी रेघ, ब्रोमाइड कापून केलेला पेस्ट-अप. महाराष्ट्राची दृश्य स्मृती म्हणावी असं बरंच काही या हातांनी आणि वृत्तपत्रांच्या कला विभागांत बसलेल्या माणसांनी घडवलं. कमल शेडगे टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात होते. त्यांनी रंगवलेली मराठी नाटकांची नावं लोकांना नाटकाच्या कथानकाआधी आठवतात. दिवाळी अंक घ्यायचा की नाही हे चित्रकार दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ बघून ठरवणारी पिढी अजून आपल्यात आहे.

मग त्याच्यावर आणखी दोन वर्षं कशाला? हात तयार आहे, नोकरी आहे, एजन्सी हाका मारते आहे.

१९६९ साली पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं, तेव्हा या प्रश्नाला एक संस्थात्मक उत्तर मिळालं. त्याच्या उभारणीत पुढे असलेले सुधाकर नाडकर्णी हे जे. जे.चेच विद्यार्थी. जे. जे.नंतर ते जर्मनीत उल्मच्या डिझाइन शाळेत शिकले. उल्मची ती शाळा १९५३ ते १९६८ एवढीच जगली, पण आधी प्रश्न नीट मांडा आणि मग पेन्सिल उचला, ही तिची शिस्त तिच्या विद्यार्थ्यांबरोबर जगभर गेली. पवईत १९८४ साली व्हिज्युअल कम्युनिकेशनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आला. त्याच सुमारास जाहिरातीच्या धंद्यात मुरलेले र. कृ. जोशी तिथे शिकवायला लागले. कवी, सुलेखनकार आणि टाइप डिझायनर अशी तिन्ही कामं करणारा हा माणूस. विंडोजवरचं मराठी ज्या ‘मंगल’ अक्षरांत कोट्यवधी लोकांनी वाचलं, ती अक्षरं त्यांची. मंगल दिसायला सुंदर आहे का, यावर टायपोग्राफीवाले तासभर भांडू शकतात, मीही भांडेन. पण संगणकाला देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवता येत नव्हती, त्या दिवसांत अक्षर कसं दिसतं याबरोबर ते यंत्रात कसं घडतं याचाही विचार करणारा माणूस लागत होता. असा विचार शुक्रवारी जाहिरात द्यायची असताना होत नाही.

समजा एका विद्यार्थिनीने दोन वर्षांतला एक प्रकल्प म्हणून बसच्या एलईडी पाट्या घेतल्या. पाटीची उंची सोळा ठिपक्यांची. इंग्रजीत ‘कुर्ला’ लिहायचं तर पाचही मोठी अक्षरं सोळाच्या सोळा ठिपके वापरतात. देवनागरीत तोच शब्द तीन मजली होतो. वर रफार, मध्ये अक्षराचं अंग, खाली उकार. रफाराला तीन-चार ठिपके द्या, शिरोरेषेला एक, उकाराला तीन, आणि उरलेल्या आठ-नऊ ठिपक्यांत ‘क’ आणि ‘ल’ बसवा. म्हणजे त्याच पाटीवर मराठी अक्षर इंग्रजीच्या जेमतेम निम्मं होतं. थांब्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईला ते दिसेपर्यंत बस पुढे गेलेली असते. आता ती विद्यार्थिनी काय करील? शिरोरेषा काढून टाकून बघील. रफार उजवीकडे सरकवून बघील. उकार अक्षराच्या अंगातच वळवून बघील. मग छापील कागद घेऊन थांब्यावर जाईल आणि किती अंतरावरून काय वाचता येतं ते मोजील. बहुतेक प्रयोग फसतील. शिरोरेषा काढली की ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात घोटाळा होतो, कारण त्यांच्यातला फरकच माथ्यावर आहे. शेवटी तिच्या हातात पाचसहा अक्षरांचे धड आकार आणि एक जाडजूड अहवाल राहील.

या कामाचे पैसे कोणीही देणार नाही. पाटी बनवणारी कंपनी टेंडर भरते, टेंडरमध्ये ‘देवनागरी दिसली पाहिजे’ एवढंच असतं, आणि देवनागरी दिसतेच. ती वाचता येते का, हा प्रश्न ज्याला पडतो त्याला गिऱ्हाईक नसतं. गिऱ्हाईक नसलेली ही दोन वर्षं हीच या पदवीची खरी कमाई आहे, आणि बाकी सगळं, सॉफ्टवेअर, पोर्टफोलिओ, ओळखीपाळखी, पदवीशिवायही मिळतं.

देवनागरी फॉन्ट करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. इंग्रजीच्या लहान-मोठ्या बावन्न अक्षरांवर त्या भाषेचा संसार चालतो. देवनागरीत जोडाक्षरं, मात्रा आणि त्यांची वळणं धरली तर आकड्याला शेकड्यांत जावं लागतं. त्यात मराठीचे आपले हट्ट वेगळे. २००९ च्या शासन निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरवले, पण फोनच्या पडद्यावर बहुतेक वेळा हिंदीच्या वळणाचेच ल आणि श समोर येतात, आणि आपण ते निमूट वाचतो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक ज्या फॉन्टला कळत नाही, तो डोंगराळ मुलखाचा समुद्र करतो. मुंबईच्या एक टाइपसारख्या गटाने मुक्ता, बालू यांसारखे फॉन्ट केले आणि खुले ठेवले. त्यामागे पवईतल्या वर्गांचा आणि तिथून सुरू झालेल्या टायपोग्राफी डेच्या चर्चांचा हात नाही असं म्हणता येणार नाही. रुपयाच्या चिन्हाचंही तेच. २०१० साली उदयकुमार यांचं चिन्ह निवडलं गेलं, तेव्हा अडीच लाखांच्या बक्षिसाची बातमी झाली. हा माणूस पवईत तमिळ अक्षरांवर पीएचडी करत होता, ही त्यातली खरी बातमी होती. वर्षानुवर्षं एका लिपीच्या वळणांत बुडालेल्या माणसाला दुसऱ्या लिपीतल्या ‘र’कडे आणि शिरोरेषेकडे ताज्या नजरेने बघता आलं.

याची एक खंत वाटावी अशी बाजूही आहे. छापील देवनागरीचा सखोल अभ्यास करायचा म्हटलं की आपली मुलं आजही इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाकडे बघतात, कारण तिथे बिगर-लॅटिन लिप्यांच्या टाइपचा संग्रह आहे, जुनी रेखाटनं जपलेली आहेत आणि ती दाखवणारे शिक्षक आहेत. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने ज्या मुंबईत देवनागरीचे खिळे पाडले, त्या शहरातून मुलं टेम्स खोऱ्यात देवनागरी बघायला जातात. बापूराव नाईकांनी देवनागरीच्या टायपोग्राफीवर खंडच्या खंड लिहिले, तेही इंग्रजीत.

भाषेचा हा पेच वर्गातही आहे. ज्युरी, म्हणजे केलेल्या कामाची तोंडी परीक्षा, इंग्रजीत चालते. कोल्हापूर, नाशिक किंवा नागपूरच्या कला महाविद्यालयातून सीड ही पदव्युत्तर डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आलेला मुलगा भिंतीवर आपलं काम लावतो तेव्हा सगळे गप्प होतात, इतकं ते चांगलं असतं. मग प्रश्न सुरू होतात आणि तो गप्प होतो. शेजारच्या मुंबईच्या मुलीचं काम बेतास बात असतं, पण ती वीस मिनिटं अस्खलित बोलते आणि काम बरं वाटायला लागतं. अशा खोलीत बसण्याचे प्रसंग मला आले आहेत. ‘मराठीत सांग’ म्हटल्यावर तोच मुलगा कागदाच्या पोतापासून रंगाच्या उताऱ्यापर्यंत असं काही बोलतो की परीक्षकांनी वही काढावी. पण हे वाक्य प्रत्येक ज्युरीत कोणी म्हणेलच असं नाही.

महाराष्ट्रातलं सगळ्यात जोरात चालणारं दृश्य डिझाइन या संस्थांच्या नजरेतच नाही. ते तालुक्याच्या फ्लेक्सच्या दुकानात चालतं. कोरलड्रॉ, श्रीलिपी आणि दाराशी घोंगावणारं छपाईयंत्र. एखाद्या भाऊंचा वाढदिवस आहे. ऑपरेटर न विचारता वरच्या ओळीत पक्षाच्या नेत्यांची गोल चित्रं टाकतो. सर्वोच्च नेत्याचा गोल किंचित मोठा, आमदाराचा त्याहून बोटभर लहान. मधे भाऊ, कमरेपर्यंत, हात जोडलेले, चेहऱ्यावरचे डाग काढलेले. खाली शुभेच्छुकांची रांग, सगळे सारख्या मापाचे, कारण तिथे कोणाचा फोटो उन्नीस-बीस झाला तर संध्याकाळपर्यंत दुकानापुढे माणसं जमतात. ‘भावी’ हा शब्द नावाच्या आधी कोणत्या मापात घालायचा, हेसुद्धा त्याला ठाऊक असतं. राजकीय उतरंड मिलिमीटरमध्ये मांडण्याचं हे कसब त्याला कोणी शिकवलेलं नाही. पदव्युत्तर विद्यार्थी फ्लेक्सला हसतात. मला वाटतं त्यांनी एक सत्र त्या दुकानात काढावं. मापाने मान कसा ठरतो, हे ऑपरेटरला हाताने माहीत आहे. तेच ज्ञान उचलून सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर कसं वापरायचं, कुठलं औषध आधी दिसायला हवं, हे मांडणं विद्यार्थ्याचं काम.

प्रत्यक्षात काय चाललंय? सीडसाठी क्लास निघाले आहेत. तिथे पोर्टफोलिओही करून मिळतो. प्रवेश झाला की पहिल्या सत्रापासून प्लेसमेंटचं वारं. दृश्य डिझाइनला आलेली बरीच मुलं चौथ्या सत्रापर्यंत अॅपचे पडदे करायला लागतात, कारण पगार तिथे आहे. प्रकल्पांचा एक साचा झाला आहे. पिवळ्या चिठ्ठ्या भिंतीवर, एक काल्पनिक वापरकर्ता, त्याच्या चार अडचणी, आणि शेवटी त्या चारही सोडवणारं अॅप. प्रकल्प कोकणातल्या मच्छीमार बायकांबद्दल असो की पुण्यातल्या पार्किंगबद्दल, शेवट तोच. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. खाजगी संस्थांची फी लाखांत जाते, आणि कर्जाच्या हप्त्याला प्रयोगाचं कौतुक नसतं. बापाने विचारलेला ‘पुढे काय’ हा प्रश्न १९३५ मध्ये खरा होता तितकाच आजही खरा आहे.

त्यातच आता चित्रं काढणारी यंत्रं आली. यंत्राला गणपती सांगा, झक्क गणपती काढतं. त्याखाली ‘गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहायला सांगितलं की अनेकदा मात्रा भलतीकडे जातात आणि ‘र्द’चं काहीतरी तिसरंच होतं. हे दोष उद्या दुरुस्त होतील, त्या दोषांवर भरवसा ठेवून पदवी घेण्यात शहाणपण नाही. पण सुबक काम करून देणं एवढ्याचाच जो बाजार होता, तो आक्रसणार हे दिसतंच आहे. दोन वर्षं साच्यातलं अॅप करण्यात घालवलेला विद्यार्थी आणि तीच दोन वर्षं ‘कुर्ला’च्या सोळा ठिपक्यांत घालवलेला विद्यार्थी, यांतला पहिला मला जास्त अडचणीत दिसतो.

म्हणून कोणी पोराला या पदवीला घालू का असं विचारलं तर मी नोकरीच्या आकड्यांआधी दुसऱ्या चौकश्या करायला सांगतो. ग्रंथालयात जुन्या विद्यार्थ्यांचे अहवाल बघायला मिळतात का? त्यात फसलेले प्रयोग लिहिलेत की फक्त अखेरची चकचकीत पानं आहेत? शिकवणाऱ्यांचं स्वतःचं काही काम चालू आहे का? आणि एक सूचना संस्थांना. पवईने डी-सोर्स नावाने डिझाइनचं कितीतरी साहित्य इंटरनेटवर खुलं केलं आहे, महाराष्ट्रातल्या कारागिरांच्या नोंदीही त्यात आहेत, पण ते मुख्यतः इंग्रजीत आहे. प्रत्येक पदव्युत्तर अहवालातलं निदान एक प्रकरण, जिथे प्रयोग कसा केला आणि काय बिनसलं ते सांगितलेलं असतं, ते विद्यार्थ्याने आपल्या भाषेत लिहावं आणि त्याला गुण असावेत. बसच्या पाट्यांचा अहवाल मराठीत असला, तर पुढच्या टेंडरच्या वेळी परिवहन खात्यातल्या एखाद्या कारकुनाला तो निदान वाचता तरी येईल.