पर्दापोशी कोठवर?

जो या जगात दुसऱ्याचा दोष झाकतो, त्याचे दोष अल्लाह कयामतच्या दिवशी झाकील, या आशयाची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जुम्याच्या खुतब्यात मीही ती अनेकदा सांगितली आहे. परंतु एकदा ही शिकवण मी चुकीच्या जागी लावली आणि तिची किंमत भलत्याच माणसाने मोजली.

मी बारामतीत इमामत करतो. आमच्या मकतबमध्ये शिकून गेलेला सतरा वर्षांचा एक मुलगा रात्री उशिरा घरी येऊ लागला, हाती पैसा खेळवू लागला. त्याच्या आईने येऊन सांगितले, "मौलाना, पोरगा कुठूनतरी तांब्याची तार आणतोय." मी त्याला बोलावून समज दिली आणि गप्प राहिलो. मोहल्ल्याची बदनामी नको; झाकली मूठ सव्वा लाखाची! तीन महिन्यांनी पोलीस दारात आले. ती तार इंदापूर तालुक्यातील विहिरींवरच्या मोटारींची केबल होती. ऐन उन्हाळ्यात केबल गेल्यामुळे ज्याचा ऊस वाळला, तो शेतकरी पुढे मला भेटला. त्याने आवाज चढवला नाही. "तुम्हाला ठाऊक होतं, मग थांबवलं का नाही?" एवढेच विचारले. इतकी वर्षे फिकहचे ग्रंथ वाचलेल्या माझ्याजवळ उत्तर नव्हते.

वस्तुतः उत्तर ग्रंथांतच आहे. जो दोष माणूस आणि त्याचा रब यांच्यामधला आहे, तो झाकावा. ज्याने दुसऱ्याचा हक्क बुडतो, तो झाकणे म्हणजे जुलमाला साथ देणे, असा भेद उलमांनी केलेला आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी जालिम भावालाही मदत करण्यास सांगितले, तेव्हा सहाबा चकित झाले. त्याचा हात रोखणे हीच त्याची मदत, असा खुलासा मिळाला. नोमान बिन बशीर (रजि.) यांनी सांगितलेली जहाजाची हदीस आपणास माहीत असेलच. खालच्या मजल्यावरचे लोक पाण्यासाठी तळाला भोक पाडू लागतात. वरचे गप्प राहिले तर सारेच बुडतात. मी वरच्या मजल्यावर बसून होतो.

पण हात रोखायचा कोणी? एकट्या इमामाचा हात तोकडा पडतो. येथे हिल्फुल फुजूल आठवावे. येमेनमधील जबीदच्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केच्या आस बिन वाइलने घेतला आणि पैसे बुडवले. तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी काही कबिले एकत्र आले आणि पीडित स्थानिक असो वा परका, त्याचा हक्क मिळेपर्यंत त्याच्या बाजूने उभे राहण्याचा करार त्यांनी केला. पैगंबर (स.) तेव्हा तरुण होते, नुबुवत अजून यायची होती. तरीही पुढे त्यांनी सांगितले की, इस्लाममध्येही कोणी अशा करारासाठी बोलावले तर मी जाईन. करारातील इतर मंडळी मुसलमान नव्हती, हे विसरू नये.

असा करार महाराष्ट्रातही झालेला आहे. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत 1988 साली पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. (हेच खोपडे 2014 मध्ये आपल्या बारामती मतदारसंघातून लोकसभेला उभे होते, पक्ष हा येथे विषय नाही.) त्यांनी सुमारे 70 मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू, मुसलमान आणि पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले, किरकोळ तंटे तेथेच मिटवू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत सुमारे 900 माणसे मेली. शेजारची भिवंडी शांत राहिली. दंगल आणि केबलचोरी यांची बरोबरी मी करीत नाही. मात्र संकटाआधीच ओळख असेल, तर वेळेवर तोंड उघडता येते. मला त्या वेळी बीट अंमलदाराचे नावही ठाऊक नव्हते. त्याच्याकडे जाणे म्हणजे मुलाला तुरुंगात धाडणे, एवढीच माझी समजूत होती.

एक भीती रास्त आहे. अशी समिती खबऱ्यांचा अड्डा बनली तर? कुरआनने सूरह हुजुरातमध्ये संशय आणि पाळत या दोहोंस मनाई केली आहे. म्हणून आमच्या मोहल्ल्यात बैठक सुरू करताना पहिलाच नियम ठरला: कानावर आलेली कुजबुज तेथे आणायची नाही, नुकसान दिसत असेल तरच बोलायचे. महिन्यातून एकदा इशानंतर आम्ही नगरपालिकेच्या शाळेत बसतो. शेजारच्या गल्लीतील माळी आणि मातंग कुटुंबांतील मंडळी असतात, दोन महिला आणि बीट अंमलदारही असतात. पहिल्या बैठकीत निघाले ते मशिदीमागच्या बोळातील बंद दिवे. मुले रात्री तेथेच जमत, हे सर्वांना ठाऊक होते. अर्ज मात्र कोणीच केला नव्हता. दिवे लागायला पाच आठवडे आणि तीन अर्ज लागले.

त्या मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळासमोर आहे. समितीतील एका मिस्त्रीने त्याला मोटार वाइंडिंगच्या कामावर घेतले आहे. केबलचे पैसे फेडायचे त्याने कबूल केले असून पहिला हप्ता द्यायला आम्ही दोघे इंदापूरला जाऊन आलो. शेतकऱ्याने पैसे मोजून घेतले, मुलाला चहा दिला आणि पुढचा हप्ता घेऊन एकट्याने येशील का, असे विचारले.