ताबा आणि करुणा

येमेनच्या डोंगरउतारांवरील मूळ वंशाचा, माथ्यावर उंच शिखा मिरविणारा घोयरा सरडा नव्या धन्याच्या हवाली झाला, की पुष्कळदा कित्येक दिवस अन्नास तोंड लावीत नाही. आणि मग त्या धन्याच्या अंतःकरणात जी कालवाकालव होते, ती खरोखर करुणा आहे की आपल्या ताब्यातील वस्तू हातची जाईल याचे भय, हा प्रश्न मला धर्मशास्त्रातील कोणत्याही प्रश्नाइतकाच गंभीर वाटतो. कारण करुणा येथे प्रवृत्तीपेक्षा निवृत्तीच अधिक मागते. त्यास हाताळू नये. पिंजऱ्याच्या बाजू झाकाव्यात, आत दाट पाने असावीत, एका फांदीवर दिव्याची ऊब पडावी, आणि वाटीतले स्थिर पाणी हा प्राणी सहसा ओळखीत नसल्यामुळे पानांवर तुषार शिंपडावेत. एक डोळा आपल्यावर रोखून दुसरा स्वतंत्रपणे फिरवीत तो केव्हातरी पानाच्या टोकावरचा थेंब टिपून घेतो. भयभीत जीवाचा जबडा उघडून त्यात नाकतोडा कोंबण्याची घाई मला जुलूमच वाटते. (नाकतोड्याच्याही जिवाचे ऋण आपल्या माथी आहेच, व ते नाकारता येत नाही.) पतंजलींनी अहिंसेबरोबर अपरिग्रहही यमांत गणला, तो उगीच नव्हे. मात्र डोळे दिवसाही मिटलेले राहू लागले किंवा खोल गेले, तर ही निवृत्ती तत्काळ सोडून पशुवैद्यास गाठावे.