मढ्यावरचं कापड आणि इस्त्रीचा शर्ट

दोस्तहो, मी सुताच्या धंद्यातला माणूस. इचलकरंजीकडच्या एका सूतगिरणीत रिंग खात्यात साडेचार वर्षं पाळी करतोय. तुटलेला धागा सांधायचा, भरलेल्या बॉबिनी उतरवायच्या, पुन्हा धागा सांधायचा. पाळी सुटते तेव्हा भुवयांवर, कानांवर, नाकपुडीत तूस बसलेलं असतं. गल्लीतली पोरं ओरडतात, म्हातारा आला रे. म्हणजे कापडाशी माझं नातं तुमच्या मोठ्या लेखकांपेक्षा जवळचं. तरी मागच्या महिन्यापर्यंत माझ्या अंगावर इस्त्रीचा शर्ट कधी आला नव्हता. चौदा एप्रिलला नवा शर्ट असायचा, पण तो पुडक्यातून काढून घडीच्या रेघांसकट घातलेला. इस्त्री वेगळी. इस्त्री म्हणजे आज दिवसभर हा माणूस ओझं उचलणार नाही, खाली बसणार नाही, असं कपड्यानं आधीच सांगून टाकणं.

मला एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. स्टोअर क्लार्कची जागा. बाहेरून बी. ए. करतोय, टायपिंगची परीक्षा दिलीय, हे अर्जात लिहिलं होतं. वस्तीतले एक दादा बँकेत आहेत. त्यांनी मला समोर बसवून धडा दिला. शर्ट फिका, पँट गडद, चौकडे नकोत. बूट काळे, त्यात पांढरे मोजे नकोत. नखं काप. दाढी त्याच सकाळी कर. केसाला तेल चोपडू नको. सगळं सांगून झालं आणि मग माझ्या छातीकडं न बघता म्हणाले, "तो बिल्ला पण नको त्या दिवशी."

बिल्ला म्हणजे रुपयाएवढा, निळा, त्यावर बाबासाहेब. मी तो गिरणीतसुद्धा लावतो.

कापड, शिलाई, बूट मिळून माझा नऊ दिवसांचा पगार गेला. दुकानदाराला शर्टपीसचं सूत कसलं ते सांगता येईना. मी चिमटीत धरून सांगितलं, चाळीस नंबरचं आहे. तो माझ्याकडं बघतच राहिला. असो.

मुलाखत चांगली झाली. साहेब मोकळे वाटले. कागद बघता बघता हसून म्हणाले, "आडनावावरून काही कळत नाही हो तुमचं. गावात घर कुठल्या अंगाला?" हा प्रश्न आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी म्हणालो, "एसटी स्टँडजवळ." खोटं नाही. आमची वस्ती स्टँडच्या मागंच आहे. पण साहेबांना जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं, आणि मी ते त्यांना ऐकू दिलं. त्यांनी चहा मागवला. मी चहा प्यालो, आणि माझा डावा हात पँटच्या खिशात बिल्ल्यावर होता.

नोकरी मिळाली. पत्र आलंय. आता भांडण आहे ते माझं माझ्याशी, आणि मंडळातल्या दोस्तांशी.

मंडळात एकजण तडकून म्हणाला, तू कपडे नाही बदललेस, पक्ष बदललास. साल्या, त्यांच्यासारखं दिसायचंच कशाला? जसे आहोत तसे घ्या म्हणावं. दुसरा उठला, म्हणाला, मग बाबासाहेबांचा सूट काय होता? पहिला म्हणाला, सूट असून १९१७ ला बडोद्यात काय झालं? कोलंबियाचं शिक्षण होतं, महाराजांची नोकरी होती, तरी पारशाच्या सरायीतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलंच ना?

खरं आहे. शर्टानं जात जात नाही. पण म्हणून शर्ट टाकून द्यायचा, हे मला पटत नाही. हे का, ते सांगतो.

आमच्या चळवळीच्या बैठकांना एक वरच्या जातीचा मित्र येतो. माणूस चांगला. चुरगळलेला कुर्ता, वाढलेली दाढी, खांद्याला झोळी. लोक त्याला विचारवंत म्हणतात. तसाच कुर्ता घालून, तशीच दाढी वाढवून मी त्याच्या शेजारी उभा राहिलो तर मला विचारतात, आज पाळी होती काय? एकच सुरकुती. त्याच्या अंगावर ती त्याग ठरते, माझ्या अंगावर लायकी. गांधीजींनी १९२१ साली मदुरेला अंगावरचे कपडे उतरवून पंचा घेतला. बॅरिस्टरचा सूट ज्यानं आधी वापरलेला असतो त्याला तो उतरवता येतो, आणि उतरवल्यावर लोक पायाही पडतात. माझ्या पणज्याला काय उतरवता येणार होतं? गावात कुणी मेलं की मढ्यावरचं कापड हा महाराचा हक्क. हक्क! आज्जी सांगायची, तिच्या सासऱ्याचं धोतर, तिचं पहिलं लुगडं, सगळं मसणवट्यातनं आलेलं. नदीवर दोनदा धुतलं तरी पोरं त्याचा वास घ्यायची. हे गावानं आपल्या मनानं काढलेलं नव्हतं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रं नेसावीत, दागिने लोखंडाचे घालावेत, हे लिहूनच ठेवलंय. म्हणजे ऑफिसात काय घालायचं आणि काय नाही याचा नियम आजचा नाही, दोस्तहो. आमच्यासाठी तो दोन हजार वर्षांपूर्वीच निघालाय.

तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळला, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायांसमोर बोलले, ते कमी सांगतो. लुगडं नेसायची जी पद्धत बघून लांबनंच जात ओळखतात ती टाका, गळ्यातहातातले ते ढीगभर जड दागिने टाका, कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा, असं त्यांचं सांगणं होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, झालं, सुटलो. बाबासाहेबच सांगतात खूण टाका म्हणून. बिल्ला खिशात घातला तर काय बिघडलं?

मग दोन रात्रपाळ्या साच्यांच्या मधनं फिरताना हेच डोक्यात. आणि कळलं की मी लबाडी करत होतो. ती नेसण, ते दागिने, ती खूण दुसऱ्यांनी आपल्यावर घातलेली होती. गुरांच्या डागासारखी. ती टाकायचीच. बिल्ला माझ्यावर कुणी घातलेला नाही. तो मी माझ्या पैशानं घेतलाय, माझ्या हातानं लावलाय. दोन्हीला खूण म्हणता येतं म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

पण थांबा. इतकं सोपंही नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी १९०१ सालची हकीकत लिहिलीय. लहानगा भीवा भावंडांबरोबर वडलांना भेटायला निघालेला, मसूर स्टेशनवर उतरला. अंगात नवे इंग्रजी शर्ट, डोक्याला जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. स्टेशनमास्तराला वाटलं बामणाची पोरं. त्यानं आपुलकीनं विचारलं, आणि दहा वर्षांचं पोर पटकन बोलून गेलं, आम्ही महार. मास्तर मागं सरकला. कपडे तेच, पोरं तीच.

इथपर्यंतची गोष्ट मंडळात सगळ्यांना पाठ आहे. पुढची ऐका. त्याच रात्री बैलगाडीत पोरं तहानेनं कासावीस झाली. गाडीवानानं सल्ला दिला, नाक्यावर मुसलमान आहोत म्हणून सांगा, पाणी मिळेल. त्या पोरानं तसं सांगितलं. तरी पाणी मिळालं नाही. आणि पुढं मोठं झाल्यावर त्याच माणसानं हे सगळं, आपलं खरं बोलणंही आणि आपलं लपवणंही, स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं. लाज वाटली नाही. कारण लाज लपवणाऱ्याची नव्हतीच, पाणी न देणाऱ्याची होती.

तर मी स्वतःला विचारतो, तू चहा पीत होतास तेव्हा तुझी तहान कुठली होती? आई पहाटेपासून खानावळीत भाकऱ्या थापते, तिचे हात भाजून काळे पडलेत, ही तहान म्हणायची का? का साहेबानं आपल्यातला समजून हसून बोलावं, त्या हसण्याची तहान? मी खरं सांगतो, दोन्ही होत्या. दुसरी जरा जास्त होती. ती मला बोचते. बिल्ला नाही, तो चहा बोचतो.

आणि ज्यांना वाटतं चांगले कपडे म्हणजे फक्त मध्यमवर्गी चोचले, त्यांनी २०२३ ची गोष्ट आठवावी. गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यात एका आपल्या पोराला मारलं. गुन्हा काय? चांगले कपडे आणि डोळ्यावर गॉगल. मारणाऱ्यांना शर्टाची किंमत आपल्यातल्या भाषण करणाऱ्यांपेक्षा नीट कळलेली होती.

म्हणून शर्टाला इस्त्री मी रोज करणार. दाढी रोज. बुटाला पॉलिश. सूत कातताना अंगावर बसतं ते तूस काही घाण नाही, पण ते अंगावर घेऊन फिरावं असा काही धर्मही नाही. यावर मला शरण गेला म्हणणाऱ्यानं आधी चार वर्षं रिंग खात्यात काढावीत.

बिल्ल्याचं मी आईला विचारलं. मला वाटलं ती म्हणेल लाव लेकरा. ती तवा उतरवत म्हणाली, "आधी कायम हो. मग लाव. त्यो मानूस काय पळून चाललाय व्हय?" बाबासाहेबांना ती त्यो मानूस म्हणते, घरातल्यासारखं. सहा महिने प्रोबेशन आहे. बँकेतल्या दादांचंही हेच म्हणणं होतं. त्यांना आता अकरा वर्षं झाली कायम होऊन. त्यांचा बिल्ला कुठं आहे ते मी त्यांना विचारलेलं नाही. विचारायचा मला हक्क नाही, निदान अजून तरी.

शर्ट धुऊन खिळ्याला टांगलाय. पहिल्या तारखेला हजर व्हायचंय, अजून नऊ दिवस आहेत. मी पहिल्याच दिवशी बिल्ला लावून जावं असं माझं आज मत आहे. कुणाला वेगळं वाटत असेल तर भांडा माझ्याशी, मंडळाच्या पत्त्यावर लिहा, पण लौकर लिहा.