दुबळ्या संघाशी कोण खेळणार?

अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये बर्फावरची हॉकी खेळणारे पहिल्या डिव्हिजनचे पुरुष संघ जेमतेम साठ-पासष्ट आहेत. बास्केटबॉलच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये साडेतीनशेहून अधिक कॉलेजे आहेत, त्यापुढे हे कुटुंब अगदी छोटे. बहुतेक संघांना हंगामात जास्तीत जास्त ३४ सामने खेळता येतात. त्यांतले साधारण चोवीस सामने आपापल्या लीगमध्ये आधीच ठरलेले असतात. उरलेले दहाएक सामने कोणाशी आणि कुठे खेळायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि बलाढ्य संघ दुबळ्या संघांना टाळतात ते याच दहा सामन्यांत. बोलावलेच तर स्वतःच्या रिंकवर बोलावतात, त्यांच्या गावी सहसा जात नाहीत. या वागण्याचा दोष प्रशिक्षकांच्या माथी मारणे सोपे आहे. माझ्या मते दोष निवडीच्या गणिताचा आहे. ते गणित माणसांनीच मांडलेले असल्यामुळे बदलताही येते, आणि ते बदलायला हवे.

आधी गणित पाहू. राष्ट्रीय स्पर्धेत १६ संघ येतात. सहा लीगचे विजेते थेट, बाकीचे दहा क्रमवारीवरून. या क्रमवारीचा कणा असलेल्या सूत्रात बरीच वर्षे संघाच्या स्वतःच्या जयांना २५ टक्के वजन होते, प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीला २१ टक्के आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीला ५४ टक्के. म्हणजे शंभरातले पंचाहत्तर गुण तुम्ही कसे खेळलात यावर नसून कोणाच्या संगतीत खेळलात यावर ठरत. अगदी दुबळ्या संघावरचा विजय तुमचा आकडा खाली ओढत असेल तर तो हिशेबातून वगळण्याची सोयही होती. आता तळाच्या संघाशी सामना ठरवायला निघालेल्या प्रशिक्षकाच्या जागी उभे राहून पाहा. जिंकला तर पदरात शून्य. हरला तर मार्चमध्ये दहा जागांतली एक हातची जाण्याची भीती. असा सौदा कोण करील? सूत्र आता बदलले आहे, पण आपले जय आणि समोरच्याची ताकद हेच नव्या सूत्राचेही दोन पाय आहेत.

तिसऱ्या डिव्हिजनची गोष्ट आणखी वेगळी. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. पहिल्या डिव्हिजनच्या संघाने तिथल्या संघाशी खेळलेला सामना निवडीच्या हिशेबात धरला जात नाही. मधली, म्हणजे दुसरी, डिव्हिजन हॉकीत नावापुरतीच उरली. तिची राष्ट्रीय स्पर्धा १९९९ नंतर झालेली नाही. त्यामुळे इतर खेळांत दुसऱ्या-तिसऱ्या डिव्हिजनमध्ये असलेली कितीतरी कॉलेजे हॉकीपुरती वर येऊन खेळतात. हा पाहुणचार नव्हे, या खेळाचे घरच तसे बांधले गेले आहे. मिशिगन टेक आणि लेक सुपीरियर स्टेट यांच्याकडे प्रत्येकी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे आहेत. इतर खेळांत ही दोन्ही कॉलेजे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळतात.

वरचढ संघांशी नियमाने खेळल्यावर लहान संघाचे काय होते, याचा पुरावा भरपूर आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावचे युनियन कॉलेज १९९१ मध्ये तिसऱ्या डिव्हिजनमधून वर आले. विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास, खेळासाठीची शिष्यवृत्ती तेव्हा नव्हती. पण लीग अशी मिळाली की कॉर्नेल आणि हार्वर्ड दर हंगामात त्याच्या छोट्या रिंकवर यायला बांधलेले. तेवीस वर्षांनी, २०१४ मध्ये, फिलाडेल्फियातल्या अंतिम सामन्यात युनियनने मिनेसोटा विद्यापीठाला ७-४ असे हरवले. क्विनिपियाक तर १९९८ पर्यंत दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होते. २००५ मध्ये ते याच लीगमध्ये आले. २०१३ आणि २०१६ मध्ये अंतिम सामन्यात हरले. २०२३ मध्ये टॅम्पाला पुन्हा मिनेसोटा समोर. क्विनिपियाक ०-२ असे मागे पडले होते, शेवटच्या तीन मिनिटांत बरोबरी झाली. जादा वेळ सुरू झाला, मध्यरेषेवर पक, म्हणजे खेळायची चकती, पडला, सरावात घोटून ठेवलेली चाल सुटली, जेकब क्विलनने गोलरक्षकाला वळसा घालून पक जाळ्यात सारला. घड्याळात दहा सेकंद झाले होते. दहा सेकंदांच्या त्या चालीमागे मोठ्यांशी बरोबरीच्या नात्याने खेळण्याची अठरा वर्षे होती. हे दोन्ही संघ वरच्यांनी टाळलेले राहिले असते, तर ही अजिंक्यपदे त्यांना मिळाली असती असे मला वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की विजोड सामन्याने कोणाचेच भले होत नाही. दुबळ्याची बेइज्जती होते आणि बलवान आळसावतो. आक्षेप खरा आहे, आणि मराठी वाचकाला तो समजावून सांगायला नको. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पर्वरीला रणजी सामन्यात गोव्याने अरुणाचल प्रदेशविरुद्ध २ बाद ७२७ धावा केल्या. कश्यप बाकले आणि स्नेहल कौठणकर या दोघांचीही नाबाद त्रिशतके, भागीदारी ६०६ धावांची. अरुणाचलचे डाव ८४ आणि ९२ धावांत आटोपले. असे सामने पाहताना जीव कळवळतो. पण हे दोन्ही संघ त्या वेळी प्लेट गटातलेच होते. दुबळ्यांना वेगळ्या कप्प्यात ठेवल्याने विजोडपणा संपला नाही, एका कप्प्यातून दुसऱ्यात गेला. याच रणजी स्पर्धेत २०१०-११ मध्ये प्लेट गटातल्या संघांना बाद फेरीचे दार उघडे होते. राजस्थान त्या दारातून आत आला, करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षी राखलाही. शिवाय हॉकीत गोल मोजकेच होतात आणि एक चांगला गोलरक्षक सामना फिरवू शकतो. २००६ मध्ये होली क्रॉसने याच मिनेसोटाला आणि २०१९ मध्ये अमेरिकन इंटरनॅशनल कॉलेजने स्पर्धेतल्या अव्वल मानांकित सेंट क्लाउड स्टेटला घरी पाठवले, ते असेच. तिसऱ्या डिव्हिजनच्या संघांना मात्र दर हंगामात वरच्यांपुढे उभे करावे, असे मी म्हणणार नाही. तिथले अंतर शिष्यवृत्तीचे आणि अंगकाठीचेही आहे. हंगामाच्या तोंडावरचा सरावसामना तिथे पुरे.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो अधिक कठीण आहे. मोठा संघ लहान संघाला आपल्याकडे बोलावतो, त्याबद्दल रक्कम देतो, त्यावर लहान संघाचा प्रवासखर्च निघतो. मग तक्रार कसली? अमेरिकन फुटबॉलमध्ये ही प्रथा जुनी आहे. २००७ मध्ये अ‍ॅपलेचियन स्टेटने मिशिगनला त्यांच्याच मैदानावर ३४-३२ असे हरवले, तो सामना याच प्रथेतला. पण त्या रकमेने एक गोष्ट विकत घेता येत नाही, ती म्हणजे आपल्या गावात भरलेला रिंक. दहा हजारांच्या प्रेक्षागारात दुसऱ्याच्या रंगांसमोर खेळून संघाला अनुभव मिळतो, गावाला मात्र काही मिळत नाही. गावातल्या पोराने मोठा संघ आपल्या काचेपलीकडे पाहिला, तर पुढच्या वर्षी तो स्केट्स मागतो. छोट्या संघाला टिकवणारा प्रेक्षक असा तयार होतो. परतीचा सामना नसलेला करार म्हणूनच मला अर्धा करार वाटतो.

राहिला प्रश्न उपायाचा. सूत्राला हात लावता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी २०१३-१४ चा हंगाम आठवावा. परगावच्या विजयाला १.२ आणि घरच्या विजयाला ०.८ असे वजन त्या हंगामापासून देण्यात आले, पराभवांना त्याच्या उलट. संघांना प्रवासाला प्रवृत्त करायचे, तर आकडा बदलावा लागतो, हे तेव्हाच मान्य झाले होते. तेच तत्त्व आणखी एक पाऊल पुढे न्यावे. आधीच्या हंगामात क्रमवारीच्या खालच्या अर्ध्यात राहिलेल्या संघांशी प्रत्येकाने किमान चार सामने खेळावेत, म्हणजे शुक्रवार-शनिवारच्या दोन जोड्या. त्यातली एक जोडी त्यांच्या रिंकवर असावी. आणि त्या चार सामन्यांपुरते प्रतिस्पर्ध्याच्या दुबळेपणाचे ओझे हिशेबातून काढावे. यातून सोपे वेळापत्रक आखून फायदा लाटला जाईल ही शंका रास्त आहे. म्हणूनच सवलत चार सामन्यांपुरती ठेवायची, उरलेल्या सामन्यांत जुने गणित चालू द्यायचे.

बदलाला फार वेळ नाही, हे हंट्सव्हिलने दाखवून दिले आहे. अलाबामा राज्यातल्या या विद्यापीठाने १९९६ आणि १९९८ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनचे अजिंक्यपद मिळवले आणि मग ते वर आले. राष्ट्रीय स्पर्धेत २००७ मध्ये ते नोत्र दामशी जादा वेळेच्या दुसऱ्या सत्रापर्यंत झुंजून ३-२ असे हरले, २०१० मध्ये मायामीशी २-१ असे. २०२१ मध्ये त्यांच्या लीगमधले सात संघ एकत्र बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची वेगळी लीग मांडली. हंट्सव्हिलने नवे घर शोधले, कोणत्याही लीगने त्यांना घेतले नाही. त्याच वर्षी मे महिन्यात विद्यापीठाने संघ स्थगित केला.