भट्टी निवताना

दृष्टांत एकदेशी असतो, हे कीर्तनाच्या विद्येत पहिल्याच पाठात शिकवतात. मुखाला चंद्र म्हटले म्हणून मुखावर कोणी डाग शोधत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आजचा दृष्टांत काचेचा आहे आणि एका जागी तो पुरा पडत नाही. ती जागा आली की सांगेन.

प्रश्न जुना आहे. चाळीसएक वर्षे कीर्तन केले, त्यात गावोगावच्या माणसांनी हाच विचारला. वाळवंटात जो गृहस्थ समोरच्याची जात न विचारता त्याच्या पायावर डोके ठेवतो, तोच महिन्याभराने गावात त्याच माणसाचा चहाचा कप वेगळा ठेवतो. महाराज, मग वाळवंटातले ते डोके खोटे होते का? काही विद्वान चटकन ‘होय’ म्हणतात. टाळमृदंगाचा भर होता, ओसरला, संपले, असे त्यांचे म्हणणे. मला ते कधी पटले नाही. का पटले नाही हे नीट सांगायला शब्द मिळाले ते मात्र आमच्या सूनबाईच्या भट्टीपाशी.

तिने घरी विजेवर चालणारी लहान भट्टी घेतली आहे, पिठाच्या डब्याएवढी. रंगीत काचेचे तुकडे कापायचे, नक्षी जुळवून एकावर एक मांडायचे आणि वितळवून एकजीव करायचे, असा तो उद्योग. त्यातून थाळ्या होतात, खिडकीत टांगायची पाने-फुले होतात. कला नवी नाही. काच फुंकून भांडी करण्याची युक्ती निघण्याच्याही आधी, म्हणजे दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी, भूमध्य समुद्राकाठचे कारागीर रंगीत तुकडे असेच भट्टीत जोडून वाट्या करीत.

काच पाण्याच्या बर्फासारखी एकदम वितळत नाही. 650 अंशांच्या आसपास ती मऊ होऊन वाकू लागते. 750 च्या सुमारास तुकडे एकमेकांना चिकटतात, पण प्रत्येकाचा उंचवटा बोटाला लागतो. 800 च्या जवळ गेले की कडा विरतात. लाल कुठे संपला आणि निळा कुठे सुरू झाला हे डोळ्यांना दिसते, बोटाला लागत नाही. त्या वेळी भट्टीत दोन काचा नसतात, एकच असते. तिथे ढोंग नाही, वरवरचे चिकटणे नाही. म्हणून म्हणतो, वाळवंटात टेकलेले डोके खरेच होते. तापल्यावाचून कोणी कोणाशी जोडला जात नाही, आणि कीर्तनाचा ताव ज्याला नुसता भर वाटतो त्याने भट्टी पाहिलेली नाही.

फूट पडते ती निवताना. तापली की काच पसरते, निवली की आकसते. आपल्याकडे याला विकास आणि संकोच असे शब्द आहेत, आणि दुसरा तर माणसालाही तसाच लागू पडतो. प्रत्येक काचेचा संकोच तिच्या घडणीप्रमाणे ठरलेला. या कामाच्या काचेला 90 किंवा 96 असा आकडा असतो. एक अंश ऊब वाढली की लांबीच्या एक कोटी भागांमागे तितके भाग ती वाढते, असा त्याचा अर्थ. मी कागदावर हिशेब करून पाहिला. फूटभर पट्टी 500 अंशांवरून घरच्या हवेपर्यंत निवली, तर 90 ची आणि 96 ची यांच्या आकसण्यात सुमारे एका केसाच्या जाडीएवढा फरक पडतो. तेवढ्याने थाळी तडकते. कधी लगेच, तर कधी काही दिवसांनी, फळीवर ठेवलेली असताना, कोणी हातही लावला नसताना.

इथे कोणी म्हणेल, बघा, वेगवेगळ्या जातीचे एकत्र राहायचेच नाही, असे काचच सांगते. थांबा. लाल, निळी, पिवळी, काळी, सगळ्या रंगांची काच एकत्र नांदते, संकोच सारखा असला म्हणजे झाले. उलट खिडकीची काच आणि बाटलीची काच, दोन्ही पाण्यासारख्या स्वच्छ, शेजारी ठेवल्या तर एका घरच्या वाटतात, आणि निवताना जोडावर तडा जाऊ शकतो. रंगाने फुटत नाही. कोण किती मागे सरतो, त्याने फुटते.

गाठीभेटी सरल्या की आपण सगळेच मागे सरतो. घर, शेत, भावकी, जमाखर्च, प्रत्येकाला परत जायचेच असते, त्यात दोष नाही. पण काही जण इतके आकसतात की जोडलेला माणूस ओढला जातो. काचेत हा ओढा दोघींना बसतो. समाजात तो एकालाच सोसावा लागतो. चोखोबा संतांच्या मेळ्यात होते, नामदेवरायांच्या प्रेमातले होते, आणि त्यांची समाधी महाद्वारापाशी, दाराच्या बाहेर आहे. वाळवंटात जे एक होते ते दाराशी आले की आकसत. त्या दारासाठी 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले. चोखोबांपासून तोवर सहा शतके गेली होती. मधल्या प्रत्येक आषाढीला ताव होताच.

हा ताण डोळ्यांना दिसत नाही. सूनबाईपाशी दोन खास पापुद्रे आहेत, आडवे-उभे धरले की उजेड अडतो. त्यांच्या मधे थाळी धरून खालून दिवा लावला की निर्दोष थाळी काळोखीच राहते, आणि ताण असेल तिथे जोडाभोवती पांढरी कड उजळते. असे साधन माणसासाठी असते तर पंगतीच्या वेळी फार उपयोगी पडले असते!

आता दृष्टांत पुरा न पडण्याची जागा. काचेला आपला संकोच बदलता येत नाही. 90 ची ती 90 चीच. माणसाला बदलता येतो, हळूहळू का होईना.

त्या हळूहळूलाही भट्टीत जागा आहे. संकोच सारखा असला तरी काच घाईने निवली तर वरचा थर आधी आकसतो, आतला मागे राहतो, आणि ती आतल्या आत फुटायला टेकते. म्हणून 500 अंशांच्या आसपास तिला तासभर तशीच धरून ठेवतात, मग थोडी थोडी उतरवतात. झाकण लवकर उघडायचे नाही. जाडी दुप्पट असेल तर वेळ सुमारे चौपट लागतो. माझ्यासारख्या जाड काचेला किती लागेल ते पांडुरंग जाणे.

आपल्याकडे एकादशी साधली की त्याच रात्री गाडी पकडणारे पुष्कळ. नोकरी, पेरणी, अडचणी खऱ्याच असतात. पण पालख्या पौर्णिमेला गोपाळपूरचा काला होईपर्यंत थांबतात आणि मग वद्य पक्षात पायीच परत निघतात. त्या परतीच्या वारीबरोबर फार थोडे लोक असतात. फुलांच्या कमानी नसतात, बघे नसतात, पावसाने वाट चिखलाची झालेली असते. गळे बसलेले, पाय सुजलेले. राहुट्या थोड्या, म्हणून रात्री कोण कोणाच्या शेजारी पथारी टाकतो, ते स्पष्ट दिसते.