वेदनेचा साक्षीदार

अमेरिकेत इंग्रजी पुरेसे न येणारे सुमारे अडीच कोटी लोक राहतात. त्यांतले कोणी रुग्णालयात दाखल झाले, की डॉक्टर दिवसातून एकदोनदा येऊन जातात. बाकी सारा वेळ गाठ नर्सशी. या दोघांत भाषेची भिंत असली तर ती गैरसोय म्हणून नोंदवली जाते. मला मात्र हा आधी ज्ञानाचा प्रश्न वाटतो: दुसऱ्याचे दुखणे आपल्याला कळते तरी कशाने?

आयुर्वेदाचार्य वाग्भटाने रुग्णपरीक्षेची तीन साधने सांगितली: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पहिल्या दोहोंना भाषा लागत नाही. ताप, नाडी, रक्तदाब यंत्रही सांगते. पण कळ कुठून उठते, कशाने वाढते, गोळी घेतल्यावर गरगरते का, हे विचारावेच लागते. वेदना मोजण्याची शून्य ते दहा ही पट्टीसुद्धा रुग्णाने सांगितलेल्या आकड्यावरच उभी असते. न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक, आप्ताच्या शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानतात. आप्त म्हणजे विषय जाणणारा आणि तो जसा आहे तसा सांगू इच्छिणारा. स्वतःच्या वेदनेबाबत रुग्णाहून मोठा आप्त कोण असणार? त्याचा शब्दच पोहोचला नाही, तर शुश्रूषेचा एक आधार निखळतो. म्हणून दुभाष्या हा माझ्या मते उपचाराचाच भाग आहे.

मायेच्या हाताला भाषा लागत नाही, असे यावर म्हटले जाते. ते खरे आहे, आणि मरणासन्न माणसापाशी कधी तेवढेच उरते. पण मायेने धीर मिळतो, माहिती मिळत नाही. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांमधील अनिष्ट घटनांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. अशा घटनांत शारीरिक इजा झाल्याचे प्रमाण इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांत सुमारे ३० टक्के, तर इंग्रजी कमी येणाऱ्यांत ४९ टक्के होते. तिथल्या नर्सना माया कमी होती, असे मानायला काहीच आधार नाही.

घरचे माणूस सांगेल की, हा दुसरा आक्षेप. २००३ साली बालरुग्णांच्या १३ तपासण्यांची ध्वनिमुद्रणे अभ्यासली गेली, तेव्हा दर तपासणीत भाषांतराच्या सरासरी ३१ चुका निघाल्या. व्यावसायिक दुभाष्यांच्या चुकांपैकी ५३ टक्के उपचारावर परिणाम करू शकतील अशा होत्या, तर ऐनवेळी उभे केलेल्यांच्या चुकांपैकी ७७ टक्के. यांत एक अकरा वर्षांचे भावंडही होते. व्यावसायिकही चुकतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण घरच्या माणसाची अडचण भाषेपुरती नसते. मुलाकडे न्यू जर्सीला गेलेली आई गर्भाशयाचे दुखणे त्याला सांगायला लावील का? आणि कर्करोगाचे निदान तो तिला जसेच्या तसे सांगेल का?

परक्या देशात राहायचे तर तिथली भाषा शिकावी, हे नागरिकाला सांगता येईल. तापाने फणफणलेल्याला नाही. उतारवयात स्मृतिभ्रंश झाला, की मागून शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते. खरा आक्षेप वेळेचा आहे. हाताखाली अनेक रुग्ण असलेली नर्स प्रत्येक गोळीसाठी दूरध्वनीवरच्या दुभाष्याची वाट कशी पाहणार? हा दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. रुग्णालयाने पाळीतले मनुष्यबळ ठरवतानाच दुभाष्यासाठी लागणारी मिनिटे धरली पाहिजेत, जशी जखम बांधण्याची धरली जातात.