कुणी तपासत नाही तेव्हा

पुढचं चाक जॅकवर उचललेलं. शेजारचे काका टायर वरून आणि खालून धरून हलवताहेत आणि मी आत बसून ब्रेक दाबून धरलाय. ब्रेक दाबल्यावर चाक हलायचं थांबलं तर दोष बेअरिंगचा. तरीही हलत राहिलं तर किंगपिन झिजलेली. ते हलत राहिलं. टक, टक.

"हे पहिल्यापासून असंच आहे," काका म्हणाले.

(काका म्हणजे मी मनातल्या मनात म्हणतो. इंग्लंडमध्ये पंचाहत्तरीच्या माणसालाही नावाने हाक मारतात आणि पाच वर्षं झाली तरी माझी जीभ अडखळते.)

गाडी १९७५ची एमजीबी, उघड्या टपाची. मी राहतो त्या रेडिंगपासून फार लांब नसलेल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली. १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यामुळे फार दुर्मीळ वगैरे नाही. पण काकांनी ती तरुणपणापासून चालवलीय आणि आता बावीस वर्षांच्या नातीला द्यायचीय. त्याआधी पुढचं सस्पेन्शन पूर्ण खोलून नीट करायचं ठरलं. मी हौशी मदतनीस. दिवसभर स्क्रीनवर जे काम करतो त्याला वजन नसतं. इथे निदान हाताला ग्रीस लागतं.

वाद पहिल्याच रविवारी झाला. या गाडीत वरच्या बाजूला वेगळा विशबोन नाहीच. तेल भरलेला एक ओतीव डबा आहे, तोच शॉकॲब्सॉर्बर. आणि त्याचे बाहेर आलेले दोन हात हेच वरचे विशबोन. एका भागात दोन कामं. कल्पना हुशार, पण सील गेलं की तेल गळतं आणि खड्ड्यानंतर गाडी डुलत राहते. हे काढून आजच्यासारखे नळीचे शॉकॲब्सॉर्बर लावायची तयार किटं मिळतात. मी लगेच किमती काढल्या. काका म्हणाले, "मग ती एमजीबी राहणार नाही."

इथे इंजिनिअरिंगला असताना परीक्षेच्या आदल्या रात्री यूट्यूबवर तत्त्वज्ञान बघितलेल्या प्रत्येकाला थीसियसचं जहाज आठवतं. एकेक फळी बदलत गेलं तर शेवटी जहाज तेच का? आपल्याकडे 'मिलिंदपन्ह'मध्ये नागसेन मिलिंद राजाला असंच कोंडीत पकडतो. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? कुठलाच भाग रथ नाही. 'रथ' हे सगळ्याला मिळून दिलेलं नाव. मला हा युक्तिवाद नेहमी पटत आलाय. काकांनाही सांगून पाहिला. त्यांनी शांतपणे पाना मागितला.

तरी मला वाटलं, निदान 'मूळ' म्हणजे काय ते तरी ठरवू. आणि तिथे गंमत झाली. १९७४च्या अखेरीस अमेरिकेच्या नियमांसाठी कंपनीने एमजीबीला काळे रबरी बंपर लावले आणि गाडी जवळपास दीड इंच उंच केली. वर खर्च वाचवायला पुढचा अँटी-रोल बारही काढून टाकला. वळणावर गाडी कलायला लागली, लोकांनी नावं ठेवली, आणि दोनेक वर्षांत कंपनीने बार परत दिला, पुढेही आणि मागेही. काकांची गाडी नेमकी त्या मधल्या काळातली. म्हणजे आम्ही आज अँटी-रोल बार लावला तर ती 'सुधारणा', पण ती गाडीला त्याआधीच्या एमजीबीच्या जवळ नेते. आणि काही न बदलणं म्हणजे हिशेबनिसाच्या एका निर्णयाची पन्नास वर्षं राखण करणं. मूळ कुठलं? आराखडा काढणाऱ्याच्या मनातलं, कारखान्यातून बाहेर पडलेलं, की काकांच्या हाताला सवय झालेलं?

हा प्रश्न मला फार खोल वाटत होता. टक-टक आवाज येईपर्यंत.

कारण सरकारलाही तोच प्रश्न पडलाय आणि त्याचं उत्तर फॉर्मवर आहे. २०१८पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट आहे, मात्र गेल्या तीस वर्षांत तिच्यात मोठा बदल झालेला नसावा. सस्पेन्शनचा प्रकार बदलणं हा मोठा बदल. पण तो सुरक्षिततेसाठी केला असेल तर चालतो. बदल झालाय की नाही हे मालकाने स्वतःच जाहीर करायचं. गाडी रस्त्यावर चालवण्यालायक ठेवायची जबाबदारीही त्याचीच, फक्त बघायला कुणी येत नाही. काकांनी दर वर्षी प्रामाणिकपणे खूण केली होती: बदल नाही. ते शब्दशः खरं होतं. आणि किंगपिन झिजत होती.

हे लिहिताना मला काकांवर बोट ठेवायचं नाहीये. मागच्या वर्षी मी कामावर एका सेवेचं वागणं बदललं. विनंती अयशस्वी झाली तर पूर्वी ती गप्प बसायची, मी तिला पुन्हा प्रयत्न करायला लावलं. माझ्या मते सुधारणाच. रिलीज नोटमध्ये लिहिलं, 'किरकोळ अंतर्गत बदल'. दुसऱ्या एका टीमचं काम जुन्या गप्प बसण्यावर उभं होतं. त्यांनी तीन रात्री जागून दोष शोधला. नंतरच्या मीटिंगमध्ये 'हे कधीपासून असं आहे?' असं कुणीतरी विचारलं, तेव्हा मी माइक म्यूट ठेवला.

काका न बदलण्याच्या बाजूचे, मी बदलण्याच्या. पण दोघांनीही केलं तेच: जो माणूस खाली वाकून बघणार नाही, त्याच्या विश्वासावर काम भागवलं. थीसियसचं कोडं किनाऱ्यावर उभं राहून घालता येतं. नागसेनाचं कोडं ऐकणारा राजा मात्र त्याच रथातून आला होता, आणि आस तुटली असती तर 'रथ' हे नुसतं नाव आहे हे कळून त्याला काय उपयोग झाला असता?

नात पुढच्या रविवारी आली. काकांनी तिला आत बसवलं, ब्रेक दाबायला लावलं आणि स्वतः चाक हलवून तो आवाज ऐकवला. मला वाटतं त्यांना ते जड गेलं. ती म्हणाली, "मला यातून मोटरवेवर नेलं होतंत तुम्ही?" काकांनी उत्तर दिलं नाही.

मग काम झपाट्याने झालं. खालचे दोन बोल्ट काढून त्या जागी लांब आट्याचे रॉड घातले आणि नट थोडे थोडे सैल करत स्प्रिंगचा ताण उतरवला. ती सुटली तर जबडा फोडू शकते. किंगपिन नव्या. खालचे रबरी बुश जाऊन त्या जागी एमजीबीच्याच व्ही८ मॉडेलचे, जास्त टिकणारे. अँटी-रोल बार लावला, कारण तो नातीने मागितला. तेलाचे शॉकॲब्सॉर्बर मात्र दुरुस्त करून तेच ठेवले. त्यांच्यात दोष सीलचा होता, कल्पनेचा नव्हता. नळीच्या किटचा माझा हट्ट बराचसा नव्या खेळण्याचा होता, हे किमतींचा टॅब बंद करताना लक्षात आलं. उंचीला हात लावला नाही.

सूट असूनही काकांनी तपासणीची वेळ घेतली. आणि एक वही आणली, गाडीच्या कप्प्यात ठेवायला. काय बदललं, का, कुणी, आणि ग्रीस कधी भरायचं. एका ओळीवर ते बराच वेळ थांबले. 'उजवी किंगपिन सैल' एवढं लिहिलं, पुढे 'कधीपासून', आणि तिथे वर्ष न घालता पेन माझ्याकडे दिलं. बोल्टांचे आकार मला लिहायचे होते.

सोमवारी मी ती रिलीज नोट उघडली. अजून एडिट करता येते.